रिकाम्या विमानाचं वजन

तीर्थरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला सध्या घरात जागा नाही, कारण जेवणाच्या खोलीत विमानाचा डावा पंख सुटा करून आडवा ठेवलेला आहे. उभ्या उभ्या केलेला मान्य करून घ्यावा.) तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो, फक्त उतरू देत नाही, हे वाचून अर्धं बरं वाटलं. भाऊजींचा खोकला थांबला असेल तर त्यांचं औषधही थांबवावं, असं आपलं मला वाटतं. मागच्या खेपेला आले होते तेव्हा बाटली संपल्याचं दुःख त्यांना खोकल्याहून जास्त झालेलं मी पाहिलं आहे. इकडे सगळं क्षेम. म्हणजे माणसं धड आहेत. फर्निचरबद्दल पुढे लिहिते.

पत्रास कारण तुमचे धाकटे बंधू. तुम्ही फोनवर विचारता, "विमान कुठवर आलं रे?" आणि हे तुम्हाला "छान चाललंय" एवढंच सांगून तुमच्या गुडघ्याकडे वळतात. एरवी कोणाच्या गुडघ्याची एवढी चौकशी करणारे हे नव्हेत, हे तुम्ही तेव्हाच ओळखायला हवं होतं. छान काही चाललेलं नाही. विमान पुरं झालंय, आणि उडणार की नाही हे आता पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ठरायचं आहे. मी सांगून पाहिलं, शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांनी सांगून पाहिलं. या जगात हे भितात ते फक्त दोघांना, एक लिफ्टची तुटकी तार आणि दुसऱ्या तुम्ही. म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळापासून सांगते. यांनी जन्मभर लिफ्ट बसवल्या आणि तपासल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, पत्ते खेळतात, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आम्हाला बाग नाही, सून नाही, आणि पत्त्यांत हे हरतात. त्यामुळे एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "आजवर जेवढं वर नेलं तेवढं दोरीला बांधून नेलं. एकदा दोरीशिवाय नेऊन बघायचंय." मला वाटलं कविता सुचली आहे, दुपारपर्यंत जाईल. दुपारी हे ड्रॉइंगचा फळा घेऊन आले. दुसऱ्याचे तयार नकाशे विकत मिळतात, त्यावरून लोक घरच्या घरी विमानं बांधतात, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर यांचा विश्वास नाही. (आपण लग्नाला गेलो आणि हॉलचा पत्ता छापलेला असूनही चार ठिकाणी विचारत गेलो, ते आठवा.) तेव्हा विमान स्वतःच्या डोक्यातून काढायचं ठरलं.

पहिल्यांदा हातभर लांबीचा लाकडी पंख केला. तो हवेत किती उचलतो हे बघायला मोठाल्या कारखान्यांत वाऱ्याचे बोगदे असतात म्हणे. आमच्याकडे बोगदा नसल्यामुळे मी गाडी चालवायची आणि यांनी खिडकीतून पंख बाहेर धरून बसायचं, असं ठरलं. रिकाम्या रस्त्यावर आम्ही असे आठवडाभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी वाहतुकीच्या पोलिसाने थांबवलं. हे उत्साहाने खाली उतरले आणि त्याला पंखाचा बाक, हवेचा दाब सगळं समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "बाई, मग एकाच बाजूला का लावलाय? गाडी उलटेल ना." हे इतके खूश झाले की त्याला विमान झाल्यावर बघायला यायचं आमंत्रण देऊन आले. "प्रश्न बरोबर विचारला," म्हणाले. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाची काळजी वाटली.

आता खरा घोटाळा कुठे झाला ते सांगते. लिफ्टवाल्या माणसाचा एक धर्म असतो, ताई. एका दोराने भागत असेल तिथे तो पाच दोर लावतो, पाचांतला प्रत्येक एकट्याने भार पेलेल एवढा जाड घेतो, आणि पाचही तुटले तर म्हणून खाली पकडणारा ब्रेक ठेवतो. विमानवाल्यांचा धर्म नेमका उलटा. तिथे दोन स्क्रूंनी काम होत असेल तर तिसरा लावणं हे पाप, कारण तोही उचलून न्यावा लागतो. यांनी विमान बांधलं ते लिफ्टच्या धर्माने. मी एकदा विचारलं, "अहो, पुस्तकात तर एवढीशीच पट्टी दाखवलीय." तर म्हणाले, "लिफ्टला जमीन तरी जवळ असते. हे आभाळात जाणार. मग आणखी मजबूत नको?" मी डॉक्टरांकडे पाहिलं. (त्यांच्याकडे उत्तर होतं, पण नेमके तेव्हाच त्यांच्या तोंडात स्क्रू होते. मदतीला आलं की त्यांना स्क्रू दातात धरायला लागतात आणि मग ते घरात कोणालाच सहन न होणाऱ्या शांततेत काम करतात.)

पंखाची परीक्षा घ्यायची झाली तर तो उलटा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात. ठरलेल्या भाराच्या दीडपट झाल्या की पास. यांनी दुप्पट रचल्या, तिप्पट रचल्या, पिशव्या संपल्या. मग म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही चढा." डॉक्टर चढले. त्यांच्या मिसेस चढल्या. मला चढवलं. आम्ही तिघं पिशव्यांवर फोटोला उभं राहिल्यासारखे उभे होतो आणि हे खाली वाकून ऐकत होते. एकदाच कडाड असा आवाज झाला. पंखाला काही झालं नाही. खालचं डायनिंग टेबल गेलं. हे धावत आले ते थेट पंखाजवळ, आणि "केसही वाकला नाही!" असं म्हणून त्यांनी ज्या आनंदाने आमच्याकडे पाहिलं, तो बघून जमिनीवर पडलेल्या डॉक्टरांनीही टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो.

पंखाला कापड चढवायचं काम माझ्याकडे आलं. वीस वर्षं शिवणवर्ग चालवला त्याचं सार्थक म्हणा. पंखाचं कापड म्हणजे शेवटी लांबलचक अभ्राच. उशी तेवढी लाकडी. तो आतल्या फळ्यांना दोऱ्याने टाचून घ्यायचा आणि वरून इस्त्री फिरवायची की कापड ताणून ढोलासारखं बसतं. माझी टीप सरळ आली हे यांनी कबूल केलं. पण तिथेही सवय गेली नाहीच. "दुहेरी घाल," म्हणाले. मी एकेरीच घातली आणि दुहेरी घातल्याचं सांगितलं. या विमानात गरजेपुरती मजबूत अशी तेवढी एकच गोष्ट आहे.

दुसरी एक लिफ्टवाल्यांची रीत मला आधी माहीत नव्हती. लिफ्ट तपासणारा माणूस लिफ्टच्या आत क्वचितच असतो. तो बाहेर उभा राहून आवाज ऐकतो. त्यामुळे विमानात बसायची वेळ आली की दर वेळी हाक यायची, "जरा बस गं, मी बाहेरून बघतो." मी बसायची. "दांडा पुढे कर. मागे घे. पाय पोचतात?" पोचत नाहीत म्हटलं की हे पायपट्ट्या अलीकडे आणायचे. समोरचं दिसत नाही म्हटलं की बैठक वर घ्यायचे. असं करता करता सगळं तयार झाल्यावर एक दिवस हे स्वतः बसायला गेले. गुडघे घड्याळांच्या फळीला टेकले आणि वरची काच लावताना डोक्याला लागली. उतरले, आणि म्हणाले, "बघू. शेवटी करून घेऊ." ज्या माणसाने स्क्रूसुद्धा शेवटावर ठेवला नाही तो स्वतःला शेवटावर ठेवतो, याचा मला रागच आला. तो मी कापडावर काढला. हातात इस्त्री होती.

मग विमान तोलायचा दिवस आला. दोन चाकं पुढे, एक शेपटीखाली. म्हणजे तीन वजनकाटे हवेत. एक आमचा, एक डॉक्टरांच्या घरचा, एक कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा. तोललं तर विमान डावीकडे झुकतं असं निघालं. हे आठवडाभर डावी बाजू तपासत होते. डाव्या पंखात मी कात्री विसरले का, असंही विचारून झालं. शेवटी मी काट्यांची अदलाबदल करायला सांगितली, तर विमान उजवीकडे झुकायला लागलं. दोष डॉक्टरांच्या काट्याचा होता. त्यांच्या मिसेसनी तो चार किलो मागे ठेवला होता, आणि डॉक्टरांनी दोन मागे ठेवला होता, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. त्या दिवशी त्या घरात जे बोलणं झालं ते भिंतीतून ऐकू आलं, पण ते लिहीत नाही. (समक्ष सांगेन.) त्यांचा समेट होईतो किराणावाल्याच्या भावाकडून तिसरा काटा आणला, आणि खरं वजन कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. रिकामं विमान ठरल्यापेक्षा तीस किलो जड.

त्याच आठवड्यात विमान खात्याचे तपासनीस आले. सावकाश बोलणारे, हाताची बोटं सतत रुमालाला पुसणारे गृहस्थ. त्यांनी तासभर विमानाभोवती फिरून प्रत्येक ठिकाणी टकटक केलं. प्रत्येक टकटकीनंतर "हं" म्हणायचे. यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. शेवटी म्हणाले, "आधी पूल बांधायचात का?" हे म्हणाले, "लिफ्ट." "वाटलंच," म्हणाले. मग सगळे कागद पाहिले, शाबासकी दिली, सही केली, आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "विमान उत्तम आहे. फक्त यात तुम्ही तरी जाल नाहीतर पेट्रोल तरी जाईल. दोघं मिळून जमायचं नाही." टाकी भरली की बसणाऱ्याला साठ किलो उरतात. तुमचे बंधू शहाऐंशी आहेत. (आमच्या काट्यावर. तो खरा आहे, माझी शपथ.)

पुढचे दोन महिने आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. पहिल्यांदा यांनी विमानाला भोकं पाडली. जिथे जोर नाही तिथलं लाकूड, पत्रा गोल कापून काढतात, तेवढंच हलकं होतं. विमानातली जागा संपल्यावर तो हात थांबेना. पायपट्ट्यांना भोकं, बैठकीला भोकं, कुलपाच्या किल्लीला भोकं. परवा मी आमटी ढवळायला पळी घेतली तर तिच्या दांड्याला ओळीने पाच भोकं. म्हटलं, "ही कुठे उडणार आहे?" तर म्हणाले, "हात बसावा म्हणून केलं." मग आहार सुरू झाला. सकाळी काकडी, दुपारी काकडी, रात्री काकडीची आठवण. चार किलो उतरले आणि तिथेच थांबले. का थांबले ते डॉक्टरांच्या मिसेसनी मला सांगितलं. संध्याकाळी "फिरून येतो" म्हणून निघतात ते त्यांच्याच स्वयंपाकघरापर्यंत फिरतात. डॉक्टर स्वतः त्यांना वाढतात, आणि वर सांगतात, "दातांसाठी चावणं चांगलं."

फ्लाइंग क्लबच्या मास्तरीणबाईंनी शेवटी तोडगा काढला. यांना विमान चालवायला त्यांनीच शिकवलं. (परवाना मिळाला, पण बाई म्हणतात, हे विमान मजल्यामजल्याला थांबवत वर नेतात.) त्या स्वतः चांगल्या उंच्यापुऱ्या, त्यांचाही उपयोग नाही. पण म्हणाल्या, "क्लबात एक हलकं, हात सरावलेलं माणूस आहे. रविवारी पाठवते. पहिली फेरी ते मारेल. मग तुम्ही सावकाश वजन उतरवा." यांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि जाहीर केलं, "परक्याच्या हातात माझं विमान देणार नाही. त्यापेक्षा गॅरेजच्या छताला टांगून ठेवीन." मला वाटलं रागाने बोलतात. दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन आले. (एकेक आकडा दहा विमानं पेलेल एवढा जाड.) आता रोज सकाळी शिडीवर चढतात, छत ठोकून बघतात, "परक्याला नाही म्हणजे नाही" असं मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणतात आणि उतरतात. अजून लावले नाहीत. पण लावले की संपलं, ताई. यांनी लावलेली गोष्ट आजवर कोणाला काढता आलेली नाही.

तेव्हा तुम्ही या. शनिवारीच या. कान धरा, डोळे वटारा, लहानपणी काय करत होतात ते करा. एवढी वर्षं खपून केलेली वस्तू छताला बघायची आणि तिच्याखाली उभं राहून पाहुण्यांना माहिती द्यायची, हे यांच्याने व्हायचं नाही. आठवडाभर देतील आणि मग गप्प होतील. यांचं बोलणं सहन करायची मला सवय आहे. गप्प बसणं मला झेपणार नाही.

भाऊजींना नमस्कार. बाटली उंचावर ठेवा.

आपली धाकटी भावजय

ता. क. येताना गोड काही आणू नये. आणलंच तर थेट डॉक्टरांकडे द्यावं, तसंही तिथेच पोचणार आहे.

ता. क. दुसरा. वरचं सगळं हे खोलीत असताना लिहिलं. आता पाकीट आणायला खाली गेलेत तेव्हा खरं काम लिहिते. क्लबातलं ते हलकं, हात सरावलेलं माणूस म्हणजे मी. यांच्या शिकवणीच्या वेळी सोबत म्हणून बाकावर बसायची. बाई म्हणाल्या, नुसतं बसून काय करता? दोन वर्षं झाली परवाना मिळून. घरी मी ज्याला वाचनालय म्हणते ते क्लबचं विमान आहे. माझं वजन बावन्न आहे, आणि त्या विमानातलं सगळं माझ्या हातापायांशी येतं, हे तुम्ही वर वाचलंच. मी यांना सांगायला गेले की हे "परक्याला नाही" म्हणतात आणि मला हसू येतं किंवा रडू येतं, आणि सांगायचं राहून जातं. रविवारी बाई माझं नाव घेतील तेव्हा हे काय करतील ते मला सांगता येत नाही. म्हणून तुम्ही यायचं ते माझ्यासाठी. यांच्या शेजारी उभ्या राहा आणि मी खाली येईपर्यंत यांचा हात सोडू नका. पाकीट नीट चिकटवून टाकायला यांच्याकडेच देते, नाहीतर संशय येईल.

ताई,

पत्र टाकायला निघालो होतो. पाकीट सवयीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. तिकिटाच्या मानाने जड भरलं, म्हणून एखादा कागद कमी करता येतो का ते पाहायला उघडलं. मजकूर मी वाचलेला नाही. तरी काही दुरुस्त्या करतो. टेबल आधीपासून डुगडुगत होतं. काकडी रात्रीही होती. पंखाची शिवण एकेरी आहे हे मी त्याच दिवशी बोट फिरवून पाहिलं, आणि ती पुरेशी आहे. वाचनालयातून येताना केसांवर हेडफोनची खूण घेऊन कोणी येत नाही.

परक्याला देणार नाही असं मी रोज मोठ्याने म्हणतो, ते एकदा तरी ती चिडून "मग मी काय परकी आहे?" असं म्हणेल म्हणून. ती म्हणत नाही. तुला पत्र लिहीत बसते. यातलं तिला काही सांगू नकोस. रविवारी मला आश्चर्याचा धक्का बसायचा आहे आणि त्याचा सराव डॉक्टरांसमोर चालू आहे. ते म्हणतात, तोंड जास्त उघडतं.

तू मात्र नक्की ये. जन्मभर लिफ्टच्या बाहेर उभा राहिलो, पण आत ती नसायची.

शेवटची दुरुस्ती. तिचं वजन बावन्न नाही, पंचावन्न आहे. मी हिशेबात पंचावन्नच धरलंय, आणि वर पाच जास्त.